एका अंशाने गव्हाचे काय बिघडते?

गैरसमज : दिवसभरात तापमान दहा-पंधरा अंश खालीवर होतेच, मग सरासरी एक अंश वाढली तर पिकाला काय कळणार?

वस्तुस्थिती : पिकाला कळते, आणि नेमके नाजूक वेळी कळते, कारण सरासरी वाढली की कडक उन्हाचे दिवसही वाढतात. गव्हाचा दाणा चिकात असताना पारा चौतिशीच्या वर गेला की पाने लवकर पिवळी पडतात, दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि तो बारीक, आकसलेला राहतो. ओंब्या दिसायला तितक्याच असतात. वजन मात्र काट्यावर कमी भरते. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरियाणात तेव्हा गहू दाणा भरत होता. फेब्रुवारीत सरकारने अकरा कोटी टनांहून थोडा अधिक गव्हाचा अंदाज दिला होता, मे महिन्यात तो साडेदहा कोटींच्या घरात आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यात थांबवली गेली. पाणी भरपूर असलेल्या भागात हे घडले, म्हणून ‘पाऊस चांगला झाला की भागले’ हेही खरे नाही. भाताला तर रात्रीचा उकाडाही सोसत नाही.

गैरसमज : हवेतला कार्बन डायऑक्साइड हे झाडांचे अन्नच, तो वाढला तर पीक वाढेल.

वस्तुस्थिती : हे अर्धेच खरे. गहू आणि भात यांची वाढ त्याने थोडी सुधारते, पण उष्णता आणि पाण्याचा ताण तो लाभ खाऊन टाकू शकतात. शिवाय अशा वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये प्रयोगशेतांत पिकवलेल्या गव्हात प्रथिने, लोह आणि जस्त कमी आढळले. ज्यांच्या ताटात पोळी-भातच मुख्य, त्या घरांना ही घट सर्वाधिक जाचेल. मला हा मुद्दा उत्पादनाच्या आकड्यांइतकाच गंभीर वाटतो.

गैरसमज : ज्वारी-बाजरी काटक, त्यांना धोका नाही.

वस्तुस्थिती : ती गव्हापेक्षा उष्णता अधिक सोसतात, एवढेच. सोलापूरकडची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. ती ओल लवकर उडाली की कणीस नीट भरत नाही. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर दाणा काळा पडतो आणि कडबाही खराब होतो.

उष्णता सोसणाऱ्या नव्या वाणांचा उपयोग आहेच, पण ते बांधावर पोहोचायला वर्षे लागतात. तोवर हाती आहे ते करावे : बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, आणि दाणा भरताना ऊन वाढले तर हलके पाणी द्यावे.