हात न लागतां झालेली दुरुस्ती

विहिरींत पडलेला पोहरा गळानें वर काढतां येतो; भर समुद्रांत यंत्र बिघडलेल्या आगबोटीला दुसरी बोट ओढून बंदरांत आणते. परंतु पृथ्वीपासून अतिदूर गेलेल्या अवकाशयानास मनुष्याचा हात पुन्हा लागत नाहीं. त्यास जें कांहीं सांगावयाचें तें बिनतारी संदेशानेंच. अशा यानांत बिघाड झाला तर काय करावें, हा प्रश्न नोव्हेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांपुढें उभा राहिला. व्हॉयेजर-१ हें यान त्या वेळीं सुमारें २४ अब्ज किलोमीटरांवर होतें, आणि त्याजकडून येणाऱ्या संदेशांचा अर्थ एकाएकीं लागेनासा झाला.

हें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं फ्लॉरिडांतून सुटलें. त्याचें जुळें भावंड व्हॉयेजर-२ सोळा दिवस आधींच निघालें होतें. गुरु, शनि, युरेनस व नेपच्यून हे ग्रह त्या सुमारास अशा स्थितींत होते, कीं एकाच्या आकर्षणानें मिळालेल्या वेगावर पुढच्याकडे जातां यावें. असा योग सुमारें १७५ वर्षांनीं एकदां येतो. यांत जादू कांहीं नाहीं. समोरून धांवत येणाऱ्या आगगाडीवर रबरी चेंडू फेकला, तर तो फेकल्याहून अधिक वेगानें परततो. ती जादा गति आगगाडीची असते. तसाच ग्रह आपल्या भ्रमणगतीचा अत्यल्प अंश यानास देतो. मात्र येथें टक्कर होत नाहीं, आकर्षणच तें काम करतें.

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तींत पंचावन्न भाषांतील अभिवादनांमध्यें मराठीहि आहे, आणि गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवी आहे. व्हॉयेजर-१ सुटल्यावर अकराच दिवसांनीं केसरबाई निवर्तल्या.

मार्च १९७९ मध्यें यान गुरूजवळून गेलें, आणि त्याच्या आयो नामक चंद्रावर जागृत ज्वालामुखी असल्याचें छायाचित्रांवरून उघड झालें. पुढें नोव्हेंबर १९८० मध्यें शनीचा चंद्र टायटन जवळून पाहिला. त्याची किंमत अशी, कीं मार्ग वांकून यान ग्रहांच्या पातळीबाहेर गेलें व युरेनस-नेपच्यून जुळ्या भावंडाच्या वांट्यास आले. तरी तें चालत राहिलें. २५ ऑगस्ट २०१२ रोजीं सौरवाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील प्रदेशांत शिरलेलें तें पहिलें यान ठरलें. तेथील किरणांचें व चुंबकक्षेत्राचें मोजमाप प्रत्यक्ष जाऊन करणारें दुसरें साधन व्हॉयेजर-२ खेरीज नाहीं. म्हणूनच त्याचें मौन जिवास लागलें.

मार्च २०२४ मध्यें एक आज्ञा पाठवून पाहिली, तेव्हां उत्तरांत एका गणकयंत्राच्या स्मृतींतील सर्व मजकूर उतरला. जुन्या प्रतीशीं ताडून पाहतां सुमारें ३ टक्के भाग नासलेला आढळला. एक चिप निकामी झाली होती. ती बदलणें अशक्य. म्हणून तीवरील आज्ञा अन्यत्र हलवावयाचें ठरलें. पण त्या सर्व एकत्र मावतील एवढी मोकळी जागा त्या जुन्या यंत्रांत कोठेंच नव्हती. एका खोलींतील सामान घरभर सांदीकोपऱ्यांत कोंबावें, आणि तरीहि कोणती वस्तु कोठें हें विसरूं नये, तसा हा प्रकार. आज्ञांचे तुकडे केले, प्रत्येकास नवें ठिकाण दिलें, आणि एकांत दुसऱ्याचा पत्ता असेल तेथें तो बदलला. १८ एप्रिल २०२४ रोजीं पहिला तुकडा रवाना झाला. प्रकाशाच्या वेगानें जाऊनहि संदेशास साडेबावीस तास लागत, व उत्तरास तितकेच. म्हणजे जवळजवळ दोन दिवस नुसती वाट पाहणें! २० एप्रिलला उत्तर आलें, आणि यानाची प्रकृति पुन्हा कळूं लागली. जूनपर्यंत चारहि उपकरणांचीं मापें येऊं लागलीं.

दुसरी अडचण अशी, कीं तिला दुरुस्ती नाहीं. सूर्यप्रकाश तेथें निरुपयोगी असल्यानें यानाची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेपासून होते, व ती दरसाल सुमारें ४ वॅटनें घटते. फेब्रुवारी २०२५ मध्यें विश्वकिरण मोजणारें उपकरण, तीच वीज वांचविण्यासाठीं, पृथ्वीवरून आज्ञा देऊन बंद करण्यांत आलें.