जुळ्या कोकरांचे रहस्य

पेसाखात आपण शीर हाशिरीम वाचतो. त्यात प्रत्येकीला जुळी कोकरे असलेल्या मेंढ्यांच्या कळपाची उपमा येते. जुळ्यांचे एवढे कौतुक का? कारण या देशातील अवासी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. महाराष्ट्रात धनगरांच्या कळपात आपण पाहिलेल्या दख्खनी मेंढीचेही तसेच.

पण बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची एक लहानखुरी मेंढी आहे. तिला एका वेताला दोन, कधी तीन कोकरे होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या ‘बुरुला’ मेंढ्यांचा हा गुण त्यांच्याकडूनच आला, असे संशोधक मानतात. 2001 साली त्याचे कारण सापडले: एका जनुकात झालेला अगदी लहानसा बदल. त्यामुळे मेंढीच्या अंडाशयात एका वेळी एकाऐवजी दोन-तीन अंडी पिकतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. बदललेली एकच प्रत असली तरी जुळी होण्याचा संभव बराच वाढतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर तीन-चार कोकरेही होतात. ती अशक्त जन्मतात, आणि आईला सड तर दोनच! म्हणून एकच प्रत असलेली मेंढी पाळणाऱ्याला सोयीची. दोन्ही प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांच्या कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळते. कोणात किती प्रती आहेत, हे आता रक्त तपासून कळते.

इस्राएलमध्ये व्होल्कानी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बुरुलाचे हे जनुक अवासी व आसाफ मेंढ्यांत आणले. तिकडे सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने थेट गरोळ मेंढ्या आणून तेच जनुक दख्खनी जातीत आणले. एकच बंगाली देणगी आपल्या दोन्ही देशांत अशी वेगवेगळ्या वाटांनी पोहोचली!

मात्र कोकरे वाढली की गाभण मेंढीला खुराक जास्त लागतो आणि दुबळ्या कोकराला बाटलीने दूध पाजावे लागते. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी कोसन् कोस चालणाऱ्या मेंढीला जुळी झाली आणि तिची निगा राखली गेली नाही, तर दोन्ही कोकरे हातची जातात. जनुक फक्त कोकरे देते. ती जगवायची मेंढपाळानेच.