पहिले दहा सेकंद

सकाळी १०.३०

तपकीर गल्लीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं की मी आधी भिंतीवरचा थर्मामीटर बघतो. आज ३३ अंश. मे महिना आहे, दुपारी ३५ होईल. तपासणीच्या बेंचजवळ मी एसी लावत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी ग्राफिक्स कार्ड ज्या हवेत चालणार, त्याच हवेत ते तपासलं पाहिजे. कूलरच्या परीक्षणांतले आकडे बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. खोली १३ अंशांनी गरम असेल, तर कार्डही साधारण तेवढंच वर जाणार. हा फरक आधी बाजूला काढायचा, मग कूलरला नावं ठेवायची.

११.१५

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा मुलगा कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचलून आला. आप्पा बळवंत चौकापासून हातावरच आणलं होतं, घामाघूम झाला होता. "दादा, कूलर बदलला आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतंय. रेंडर लावलं की मध्येच बंद. परवा डिलिव्हरी आहे."

कार्ड आरएक्स ५७०० एक्सटी, २०१९ चं. सेकंडहँड घेतलेलं. मूळचा ब्लोअर पंखा फार आवाज करतो म्हणून त्याने तीन पंख्यांचा मोठा कूलर बाहेरून घेऊन स्वतः बसवला. पेस्ट नवीन, कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढलेली. दोन वेळा उघडून पुन्हा लावूनही झालं होतं.

"तू पाणी पी, आणि आज स्क्रूला हात लावू नकोस," म्हटलं.

१२.००

न उघडता आधी आकडे घ्यायचे. तापमान दाखवणारं जीपीयू-झेड चालू केलं, कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क लावलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. या कार्डात दोन तापमानं दिसतात: एक चिपच्या कडेचं, दुसरं चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं, म्हणजे हॉटस्पॉट. दुसऱ्याची कमाल मर्यादा ११० अंश. तिथे पोचलं की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं.

पहिल्या दहा सेकंदांत हॉटस्पॉट ९६ झाला. कडेचं तापमान तेव्हा फक्त ६१. मिनिटभरात ११० आणि ७९.

माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. हवेचा दोष असेल तर तापमान हळूहळू चढतं, दहा-पंधरा मिनिटं घेतं, आणि दोन्ही आकडे बरोबरीने वर जातात. दहा सेकंदांत उडी मारली आणि दोघांत ३०-३५ अंशांचं अंतर पडलं, तर कूलर चिपवर नीट टेकलेलाच नाही. तिथे पंखे वाढवून काही उपयोग नसतो. या मुलाने ८०० रुपयांचे आणखी दोन पंखे घेतले होते, याचं मला वाईट वाटलं.

१.००

कूलर उतरवला. चिप बोटाच्या पेराएवढी, २५१ चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यावर प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं. उघड्या सिलिकॉनवर थेट तांबं बसतं. म्हणून पेस्टचा ठसा जपून बघावा लागतो. डाव्या कडेला पेस्ट तुपासारखी जाड साचली होती. उजव्या कोपऱ्यात इतकी पातळ, की खालची चिप आरशासारखी चमकत होती. म्हणजे कूलर तिरका बसला होता.

पण का? स्क्रू सारखेच आवळलेले होते. मग टॉर्च घेऊन कार्डाच्या पृष्ठभागाशी डोळा लावला. अशा कूलरबरोबर मेमरीच्या आठ चिपांवर आणि वीज नियंत्रित करणाऱ्या मॉसफेटवर चिकटवायचे छोटे अॅल्युमिनियमचे हीटसिंक येतात. मॉसफेटवरच्या एका काळ्या हीटसिंकच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा चकचकीत ओरखडा होता. रंग निघून धातू उघडा पडलेला. कूलर बसवून बघितला, तर बरोबर त्याच जागी हीटपाइप वाकून खाली येत होती. उंच हीटसिंक पाइपला टेकत होता आणि एक बाजू उचलून धरत होता. जेमतेम अर्धा मिलिमीटर. पेस्ट तेवढी फट भरते खरी, पण तांब्याचं काम ती करू शकत नाही.

मुलाला बोलावून ओरखडा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

२.३०

डबा. मग दोन एसएमपीएस आणि एक हँग होणारा लॅपटॉप.

४.००

उंच हीटसिंक काढून तिथे बुटका लावला. चिप आणि तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. नवी पेस्ट. स्क्रू मात्र एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. एका बाजूने दाब दिला तर उघड्या चिपचा कोपरा तुटतो, आणि मग कार्ड गेलं. त्याने विचारलं, "दादा, लिक्विड मेटल लावलं तर?" नाही. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि सांडलं तर शॉर्ट होतं. एवढी जोखीम घ्यायचं कारणच नाही.

कॅबिनेटबाहेर चाचणी: दहा सेकंदांत हॉटस्पॉट ७१. अर्ध्या तासाने कडेचं ६९, हॉटस्पॉट ८४.

५.३०

कार्ड कॅबिनेटमध्ये, झाकण बंद. आता वीस मिनिटांत हॉटस्पॉट हळूहळू १०१. दोन्ही आकडे एकत्र चढले, म्हणजे हा दुसरा दोष, हवेचा. जुना ब्लोअर गरम हवा मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकायचा. नवा कूलर ती कॅबिनेटमध्येच सोडतो. बाजूचं झाकण काढलं की आठ अंशांनी उतरलं.

शिवाय कूलरचे पंखे त्याने मदरबोर्डला जोडले होते, कारण कार्डावरचा प्लग छोटा असतो. मग पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरतो, कार्ड तापलेलं त्यांना कळतच नाही. अॅडॉप्टर वायर लावून ते कार्डाला जोडले. त्याने घेतलेले ते दोन पंखे आता कामी आले: एक पुढे हवा आत घ्यायला, एक मागे बाहेर फेकायला.

७.४५

त्याचंच रेंडर तासभराहून जास्त चाललं, बंद पडलं नाही. झाकण लावलेलं, खोली ३४, हॉटस्पॉट ८९, कडेचं ७४. हे चारही तपशील तारखेसह बिलावर लिहून दिले. पुढच्या मे महिन्यात त्याच चाचणीत ८९ च्या जागी ९८ दिसले, तर आधी जाळीतली धूळ काढ, आणि पहिले दहा सेकंद बघितल्याशिवाय कूलर उघडू नकोस, एवढं त्याला सांगितलं.