चाकांवरची तोफ

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभा असताना एका डॉक्टर मित्रांनी मला गाठले. "अहो, तुम्ही क्रेनवाले इंजिनिअर ना? मग सांगा, ही ट्रकवर बसवलेली तोफ म्हणजे काय प्रकार आहे? जगातले रणगाडे संपले की काय?" टीव्हीवर युक्रेनच्या बातम्यांत त्यांनी ती पाहिली होती. तोंडात चकली असल्यामुळे माझे उत्तर अर्धवट राहिले. मागे उभ्या असलेल्या संपादकांनी ते नेमके ऐकले आणि "आता लिहूनच द्या" असे फर्मान काढले.

तोफांशी माझा संबंध लहानपणापासूनचा, पण फक्त कानांपुरता. माझे बालपण देवळालीचे. तिथे भारतीय तोफखान्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. सराव सुरू झाला की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी किणकिणत आणि आजी पुटपुटत पेले आत सरकवी. तोफ म्हणजे दुरून येणारा आवाज, एवढीच माझी कल्पना होती. पुढे कळले की हॉविट्झर जातीच्या तोफेचे खरे लक्षण तेच आहे. ती समोरच्याला नेम धरून मारीत नाही. ती गोळा उंच फेकते, तो डोंगर, गाव, झाडी ओलांडून पलीकडे पडतो, आणि डागणाऱ्याला बहुधा लक्ष्य दिसतही नाही. (अशा माणसाला आपल्या भाषेत 'गोलंदाज' म्हणत, आपण तो शब्द आता क्रिकेटला देऊन टाकला आहे.)

पाश्चात्त्य सैन्यांची आजची ठरलेली तोफ १५५ मिलिमीटरची, म्हणजे नळीचे तोंड एक वितीहून कमी. 'बावन्न कॅलिबर' असे म्हणतात तेव्हा नळीची लांबी तोंडाच्या बावन्न पट, म्हणजे आठ मीटरच्या वर. गोळ्याचे वजन सुमारे ४३ किलो. साधा गोळा तीस किलोमीटरच्या आसपास जातो. बुडाशी वायू सोडणारा गोळा असला तर पल्ला चाळीसच्या घरात पोचतो.

ही धूड तोफ हलवायची कशी, हा प्रश्न जुनाच. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जबरदस्त होत्या, पण जड. अब्दालीकडे उंटांवर बसवलेली हलकी जंबुरके होती. विसाव्या शतकात याची दोन उत्तरे रूढ झाली. एक म्हणजे तोफ ट्रकमागे बांधून ओढत न्यायची. दुसरे म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या चिलखती गाडीवर ती चढवायची. पहिली स्वस्त, पण मांडायला आणि गुंडाळायला वेळ खाणारी. दुसरी भक्कम, पण जर्मनीची अशी तोफ पंचावन्न टनांच्या पुढे जाते, आणि लांबच्या प्रवासाला तिलाच दुसऱ्या ट्रेलरवर चढवावे लागते.

तिसरे उत्तर चेकोस्लोव्हाकियाने १९७० च्या दशकात आणले: टाट्रा कंपनीच्या आठ चाकी ट्रकवर १५२ मिलिमीटरची 'डाना'. दक्षिण आफ्रिकेने अंगोलाच्या लढाईत सहा चाकी 'जी-६' चे पहिले नमुने वापरले. पुढे संयुक्त अरब अमिरातीने तशा ७८ आणि ओमानने २४ घेतल्या. आखातातल्या आपल्या वाचकांपैकी कोणी त्या संचलनात पाहिल्याही असतील. पण आज जिचा बोलबाला आहे ती फ्रान्सची 'सीझर'. हिचा पहिला नमुना १९९४ चा, आणि फ्रेंच सैन्यात ती रुजू झाली २००८ च्या सुमारास. २००९ मध्ये ती अफगाणिस्तानात गेली, २०१३ मध्ये मालीत. वजन साधारण अठरा टन, म्हणजे जर्मन तोफेच्या एक तृतीयांश. रस्त्यावर ती आपल्या पायांनी, ट्रकच्या वेगाने जाते.

इथे माझ्या धंद्याचा भाग येतो, म्हणून जरा रेंगाळतो. ट्रकवर तोफ ठेवणे सोपे. ती डागल्यावर ट्रक जागेवर ठेवणे अवघड. हिशेब करून पाहा. ४३ किलोचा गोळा सेकंदाला ९०० मीटर वेगाने बाहेर पडतो. ट्रक घसरायला मोकळा असता, तर नुसत्या गोळ्याच्या धक्क्यानेच अठरा टनांची गाडी ताशी सात-आठ किलोमीटरने मागे निघाली असती. दारूच्या वायूचा धक्का वेगळाच. वेग ऐकायला माणसाच्या झपझप चालण्याएवढा. पण गोळा नळीत असतो सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास! एवढ्या वेळात हा सगळा धक्का चासीवर आला तर चासीचे काय होईल, हे कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारावे.

म्हणून तीन युक्त्या एकत्र करतात. नळीच्या तोंडाशी आडवी भोके असतात. त्यांतून वायू बाजूला आणि मागे फेकला जाऊन थोडा धक्का तिथेच जिरतो. नळी स्वतः तेलाच्या सिलिंडरांवर मागे सरकते, त्यामुळे झटका लांबवला जातो. आणि उरलेला धक्का जमिनीला द्यायचा. सीझरच्या मागे नांगराच्या फाळासारखा एक रुंद पोलादी फाळ हायड्रॉलिक जोराने खाली येतो आणि मातीत रुततो. मी आयुष्यभर क्रेनचे आधारपाय तयार केले. तत्त्व तेच, फक्त क्रेन कोणी सेकंदात उचलून पळवीत नाही.

पळणे हेच तर या तोफेचे सारसर्वस्व. गोळा तीस किलोमीटर जायला मिनिटाहून अधिक वेळ घेतो. तो हवेत असतानाच शत्रूचे रडार त्याचा मार्ग टिपते आणि मागे हिशेब करून तोफ कुठे उभी आहे ते सांगते. मग हुकूम, मग त्यांचा गोळा, त्यालाही पुन्हा मिनिटभर. चपळ शत्रू असला तर दोन-तीन मिनिटांत उत्तर येते. सीझर मिनिटाभरात मांडून होते, मिनिटाला सहाच्या वेगाने मारा करते आणि फाळ उचलून चालू लागते. मात्र तिचे गोलंदाज खाली उतरून ट्रकच्या मागे उघड्यावर उभे असतात. स्वीडनच्या 'आर्चर'मध्ये कोणी उतरतच नाही. तिघे-चौघे चिलखती केबिनमध्ये बसून बटणे दाबतात, २१ गोळ्यांचा साठा यंत्र भरते, आणि थांबण्यापासून पहिल्या गोळ्यापर्यंत अर्धा मिनिटही लागत नाही. गाडी कोणती? खडी आणि माती वाहणारा, मधोमध वळणारा व्होल्वोचा डंपर! आणि तोफ? तिचे मूळ बोफोर्सच्या 'एफएच-७७'मध्ये. १९८६ साली आपण ज्या ४१० घेतल्या, ज्यांनी दिल्लीचे राजकारण ढवळून काढले आणि ज्या १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर धडाडल्या, त्यांच्याच घराण्यातली ही. त्या जुन्या तोफेलाही छोटे इंजिन होते, त्यावर ती थोडे अंतर रांगत जाई. आपल्या ब्रिटनने ३२ 'एएस-९०' तोफा युक्रेनला दिल्यावर २०२३ मध्ये पोकळी भरायला १४ आर्चर घेतल्या. डेन्मार्कने तर त्याच वर्षी आपल्या सगळ्या १९ सीझर देऊन टाकल्या.

युक्रेनची स्वतःची चाकांवरची तोफ 'बोहदाना'. २०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तिचा एकुलता एक नमुना होता. काळ्या समुद्रातल्या सर्पबेटावर तो वापरला गेला, आणि ३० जून २०२२ रोजी रशियनांनी ते बेट सोडले. त्यानंतर तिचे उत्पादन सुरू झाले.

आमच्या शेजाऱ्यांकडे २०२२ पासून खार्किवची एक बाई आणि तिची मुलगी राहतात. तिचा धाकटा भाऊ युद्धापूर्वी धान्याचा ट्रक चालवी. आता बोहदाना चालवतो. मी तोफांवर लिहितो आहे हे कळल्यावर ती एका संध्याकाळी आली आणि तिने सरळ विचारले, "चाकांवरची बरी की जमिनीत पुरलेली?" एखादा वर्षापूर्वी भेटला असता तर मी छातीठोकपणे म्हणालो असतो, चाकांवरची. पण वर लिहिलेला मिनिटांचा हिशेब रडारचा आहे. आता आकाशात ड्रोन घिरट्या घालतात, आणि ड्रोन गोळ्याची वाट पाहत नाही; त्याला हलणारी गाडीच दिसते. रशियाच्या 'लॅन्सेट' ड्रोननी अशा कितीतरी तोफा रस्त्यात आणि झाडीच्या कडेला टिपल्या. उलट खड्ड्यात, जाळीखाली, फांद्यांनी झाकलेली साधी ओढायची तोफ अनेकदा अधिक दिवस टिकते. २०२४ मध्ये युक्रेननेच बोहदानाची बिनइंजिनाची, ओढून न्यायची आवृत्ती काढली, यावरून काय ते समजावे. माझे मत विचाराल तर चाकांची तोफ बाद झालेली नाही. तिचे वेळापत्रक बदलले आहे. लपण्यात तास जातात, मारा मिनिटांचा, आणि जोखीम आहे ती मधल्या वाटेवर.

हे सगळे मी तिला कागदावर रेघा ओढून सांगितले. तिने कागदाचा फोटो काढून भावाला पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आले, ते तिने मला वाचून दाखवले. तो लिहितो की पाऊस पडला की ड्रोन नीट उडत नाहीत, म्हणून ते पावसातच जागा बदलतात. पण त्यांच्याकडची काळी माती ओली झाली की चाके आसापर्यंत रुततात, आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.