परक्यांवरील हल्ले आणि पुढाऱ्यांचें कर्तव्य

दंगल झाली म्हणजे तिचें सारें पातक गल्लींतील गुंडांच्या माथीं मारून मोकळें होण्याची राज्यकर्त्यांस मोठी सोय असते. जळता पलिता दिसतो तो गुंडाच्या हातांत. परंतु त्या पलित्यास तेल कोणीं घातलें, आणि तो विझविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते त्या वेळीं काय करीत होते, हें मग कोणी विचारीत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत परदेशीयांवर वारंवार झालेल्या हल्ल्यांसंबंधानें हेच प्रश्न विचारणें अवश्य आहे.

सन २००८ च्या मे महिन्यांत, ११ तारखेस, जोहान्सबर्गांतील अलेक्झांड्रा नामक वस्तींत दंगल पेटली आणि पाहतां पाहतां इतर शहरांत पसरली. मोझांबिक, झिंबाब्वे, सोमालिया इत्यादि देशांतून पोटासाठीं आलेल्यांचीं घरें जाळण्यांत आलीं, दुकानें लुटण्यांत आलीं. ६२ माणसें प्राणास मुकलीं व हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. मृतांपैकीं २१ जण तर त्याच देशाचे नागरिक होते! बेफाम जमावास आपपर ओळखतां येत नाहीं, याचा याहून विदारक पुरावा कोणता? अशा समयीं राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनीं राष्ट्रास उद्देशून भाषण केलें तें २५ तारखेस, म्हणजे पुरे चौदा दिवस लोटल्यावर. पुढें जुलैमध्यें तर, हा परकीयद्वेष नव्हे, निव्वळ गुन्हेगारी होय, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. रोगाचें नांवच जो वैद्य घेत नाहीं, तो औषध काय देणार?

मौनाहूनही घातक असा अविचारी शब्द असतो. सन २०१५ च्या मार्चमध्यें झुलू राजे गुडविल झ्वेलिथिनी यांनीं, परदेशीयांनीं आपलें चंबूगबाळें आटपून स्वदेशीं जावें, अशा आशयाचे उद्गार काढले. एप्रिलमध्यें दरबानेंत हल्ले झाले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असें राजांचें म्हणणें पडलें. व २० एप्रिलला विराट सभा भरवून त्यांनीं हल्ल्यांचा निषेधही केला. ज्याच्या शब्दानें आग शमते असा जनतेचा विश्वास आहे, त्यानें तोच शब्द आधीं तोलून वापरावयास नको काय?

सन २०१९ च्या सप्टेंबरांत पुन्हा जोहान्सबर्गांत लुटालूट झाली. तिचे पडसाद नायजेरियांत उमटून तेथील दक्षिण आफ्रिकी पेढ्यांच्या दुकानांवर हल्ले झाले. घरीं परक्याचें दुकान लुटूं दिलें कीं परमुलखांत आपलें दुकान सुरक्षित राहत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच. त्याच महिन्यांत हरारे येथें रॉबर्ट मुगाबे यांच्या अंत्यविधीच्या समयीं जनसमुदायानें अध्यक्ष सिरिल रामाफोसा यांची हुर्यो केली. तेव्हां त्यांनीं भर सभेंत क्षमा मागितली. हें त्यांस भूषणावहच होय. तथापि शेजाऱ्याच्या दारीं मागितलेली क्षमा ही स्वतःच्या घरीं केलेल्या न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, जेथें काम मागणाऱ्यांपैकीं सुमारे एक तृतीयांश लोक बेकार आहेत, तेथें संताप होणारच. संताप आम्हांसही समजतो. परंतु २०२२ च्या खानेसुमारीप्रमाणें तेथील ६ कोटी २० लाख लोकांत परदेशांत जन्मलेले सुमारे २४ लाख, म्हणजे शेकडा चारांच्या आंत! त्यांना हांकलल्यानें बेकारी कशी नाहींशी होणार? हा हिशेब लोकांपुढें मांडणें पुढाऱ्यांचें काम होतें. वर्णद्वेषी राजवटींत याच पुढाऱ्यांना झांबिया, मोझांबिक आदि शेजाऱ्यांनीं आश्रय दिला होता, त्या ऋणाचें स्मरण देणेंही त्यांचेंच काम होतें.

याच दरबान बंदरांत १३ जानेवारी १८९७ रोजीं जहाजांतून उतरलेल्या गांधींवर गोऱ्या जमावानें हल्ला केला. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नीनें छत्री आडवी धरली म्हणून ते वांचले. हल्लेखोरांवर खटले भरा, असा विलायतेहून हुकूम आला असतां गांधींनीं तें नाकारलें. दोष जमावाचा नसून त्यास चिथविणाऱ्या पुढाऱ्यांचा व नाताळ सरकारचा आहे, असें त्यांनीं ॲटर्नी जनरल एस्कंब यांस तोंडावर सांगितलें. हल्लेखोरांस शिक्षा होऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दोषाचें मूळ कोठें शोधावें, हें त्या उत्तरांत आहे.

हा उपदेश केवळ आफ्रिकेसाठीं आहे असें कोणीं समजूं नये. त्याच २००८ सालीं आमच्या महाराष्ट्रांत रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांस मारहाण झाली. ते तर परदेशीयही नव्हते! पहिला दगड पडेल त्याच दिवशीं पुढाऱ्यानें बोलावें, द्वेषास द्वेषच म्हणावें, अपराध्यांस न्यायासनापुढें उभें करावें, आणि निवडणुकीच्या लोभानें परक्याचें बुजगावणें उभारूं नये. एवढें ज्याच्यानें होत नाहीं, त्यास पुढारी तरी कां म्हणावें? तो जमावाच्या पुढें नसून मागें चाललेला असतो.