'बोर्ड' या शब्दाचे अर्थ

डाव्या रकान्यांत इंग्रजी शब्द व उजव्या रकान्यांत त्याचा मराठी अर्थ, अशी एक वही बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्यापाशीं असते. तींत 'बोर्ड म्हणजे फळा' असें लिहिलें, कीं शब्द आला असें आपण समजतों. पण तोच विद्यार्थी 'बोर्डाची परीक्षा' देतो, त्याचा थोरला भाऊ 'बोर्डिंगांत' राहतो. येथें फळा कोठें आहे?

बोर्ड म्हणजे मूळची लांकडाची फळी. जुन्या काळीं इंग्लंडांत जेवणाचें मेज पुष्कळदां कायमचें नसे. लांकडी घोड्यांवर फळ्या टाकीत आणि जेवण आटोपलें कीं उचलून ठेवीत. त्यामुळें फळी म्हणजे मेज झालें, व मेज म्हणजे जेवण. आपणहि 'पाट मांडा' म्हणतों, तेव्हां ऐकणारास जेवणच समजतें! जेथें राहण्याबरोबर जेवणहि मिळतें तें बोर्डिंग. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं असें एक बोर्डिंग काढलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस जेवत. त्या जेवणासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि दिलें. त्या मुलांस या शब्दाचा अर्थ कोशांत शोधावा लागला नसेल.

मेजाभोंवतीं बसून विचार करणारी मंडळी, तीहि बोर्डच. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या, तोंपर्यंत चाललेलें लोकल बोर्ड या अर्थाचें. आणि सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारें कोल्हापूरचें विभागीय बोर्डहि याच अर्थाचें. 'कबर्ड' लिहितांना 'कप' आणि 'बोर्ड' असेंच लिहितात, कारण तीहि प्रथम पेले मांडावयाची उघडी फळी होती. दारें मागाहून आलीं.

पालकांनींहि एक ध्यानांत ठेवावें. मराठींत 'बोर्डिंग' म्हणजे वसतिगृह असा अर्थ रूढ झाला आहे. इंग्रजी पत्रकांत मात्र 'लॉजिंग' म्हणजे राहणें व 'बोर्ड' म्हणजे जेवण. 'बोर्डाचे पैसे निराळे' असें तेथें असेल, तर खोली मिळाली असून जेवणाचा खर्च अजून द्यावयाचा आहे. सही करण्यापूर्वीं हें पाहून घ्यावें.

मिरजेहून निघणाऱ्या आगगाडीच्या तिकिटावरील 'बोर्डिंग'मध्यें मात्र जेवण शोधूं नये. जहाजाच्या बाजूसहि जुन्या इंग्रजींत बोर्ड म्हणत. ती ओलांडून आंत चढणें याचें जें नांव पडलें, तेंच पुढें आगगाडीनें व विमानानें उचललें.