रक्त कमी आहे? आधी कारण शोधूया

"रक्त कमी आहे" असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्या घरात पालक, गूळ-शेंगदाणे, खजूर सुरू होतात. ते योग्यच आहे. पण रक्तातले लोह फक्त ताटावर ठरत नाही. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांचाही त्यात वाटा असतो.

डुकराच्या पिलाचे उदाहरण घेऊ. जन्मताना त्याच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते. रोजची गरज ७ ते १० मिलिग्रॅमची, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १. मोकळ्यावरचे पिलू माती उकरून थोडेफार लोह मिळवते. सिमेंटच्या फरशीवरचे पिलू मात्र थोड्याच दिवसांत फिकट पडते, म्हणून त्याला पहिल्या आठवड्यातच लोहाचे इंजेक्शन देतात. माणसाने पिढ्यानपिढ्या झपाट्याने वाढणारी डुकरे निवडली, त्यामुळे ही गरज आणखी वाढली. शिवाय एकच खाद्य खाणाऱ्या डुकरांच्या रक्तातही खनिजांचे प्रमाण सारखे नसते. म्हणजे आनुवंशिकता आणि परिस्थिती, दोन्ही मिळून रक्त घडवतात.

माणसाचेही तसेच आहे. आतड्यांनी किती लोह शोषायचे, हे यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक ठरवते. त्याचे नियंत्रण करणाऱ्या जनुकात दोष असेल तर गोळ्या घेऊनही लोह वाढत नाही. असा दोष दुर्मीळ आहे. पण विदर्भात, आपल्या समाजातही, आढळणारा सिकलसेल दुर्मीळ नाही. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. हिमोग्लोबिन कमी दिसते, पण लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या यकृतात आणि हृदयात तर जादा लोह साचू शकते. म्हणून अशा रुग्णाने तपासणीशिवाय, मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र परस्पर बंदही करू नयेत.

आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. आपण लग्नात पत्रिका जुळवत नाही. रक्त मात्र जरूर तपासूया. सोल्युबिलिटी चाचणीत दोष आढळला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करता येते.

आजार हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे, आणि आईचा दोषही नव्हे. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. ते कारण शोधणे हीच उपचाराची सुरुवात आहे.